रिमेम्बरन्स संडेच्या आधी घंटाघरात काय काय करायचं

आमच्या घंटा वाजवणाऱ्या बँडमध्ये यंदा एक मराठी जोडपं नव्याने आलंय. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे रिमेम्बरन्स संडेला, नेमकं काय करायचं असतं हे त्यांनी विचारलं आणि उत्तर बरंच लांबलं, म्हणून लिहूनच काढतेय. पहिल्या महायुद्धापासून पुढच्या युद्धांत मेलेल्यांची आठवण काढायचा हा दिवस. त्या दिवशी इंग्लंडभर चर्चच्या घंटा ‘हाफ-मफल्ड’ वाजतात: एक फेरी खणखणीत, लगेच पुढची तिचाच दबका पडसाद असल्यासारखी. ऐकणाऱ्याला वाटतं, वाजवणारे हळू ओढतायत. तसं नाही. ओढ तेवढीच असते. फरक करून ठेवलेला असतो तो आदल्या दिवशी, वर, घंटांच्या खोलीत. दोर ओढणं हा या रविवारचा सगळ्यात सोपा भाग.

आधी माणसं. आठ घंटांना आठ हात हवेत आणि शिवाय एक-दोन राखीव, कारण नोव्हेंबरात कुणीतरी खोकत असतंच. सोमवारीच विचारून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा होकार समजू नका, तोंडी ‘येतो’ म्हणवून घ्या. सातच जमले तर सहा घंटा नीट वाजवा, आठव्यासाठी शेजारच्या गावातून ऐनवेळी कुणाला पळवत आणू नका. ज्यांचा हात अजून घंटेवर बसलेला नाही त्यांना दोर द्यायचा नाही, कितीही हौस असली तरी. त्यांच्यासाठी खाली पुष्कळ काम आहे.

घंटा कशी असते ते थोडक्यात, म्हणजे पुढचं कळेल. इथे घंटा मोठ्या लाकडी चाकाला बांधलेली असते. वाजवायच्या आधी तिला झोके देत देत तोंड आभाळाकडे करून उभी करतात. मग दर ओढीला ती जवळजवळ पूर्ण गोल फिरून पुन्हा तोंड वर करून थांबते. दोरावर लोकरीचा रंगीत जाड भाग असतो, त्याला सॅली म्हणतात. सॅली धरून ओढली तो हँडस्ट्रोक, दोराच्या शेपटाने ओढली तो बॅकस्ट्रोक. लोलक एकदा घंटेच्या एका बाजूला आपटतो, एकदा दुसऱ्या. यातल्या बॅकस्ट्रोकच्या बाजूला लोलकाच्या गोळ्यावर चामड्याची गादी बांधायची, तिला मफल म्हणतात. दोन्ही बाजूंना बांधली तर पूर्ण मफल होतं, ते क्वचितच करतात. सप्टेंबर 2022 मध्ये राणी एलिझाबेथ गेली तेव्हा केलं होतं आणि कित्येक टॉवरना मफल पुरले नव्हते. म्हणून मफलची पेटी ऑक्टोबरातच उघडून बघा. चामडं कडक होऊन तडकलंय का, बकलाची जीभ गंजलीय का, पट्ट्याला आणखी एक भोक पाडावं लागेल का. नवीन मागवायचे तर तेव्हाच मागवा. नोव्हेंबरात सगळ्यांनाच हवे असतात.

मफल शनिवारी बांधावेत. वर जाण्याआधी सगळ्या घंटा खाली उतरवलेल्या आहेत, म्हणजे तोंड जमिनीकडे आहे, हे स्वतः डोळ्यांनी पाहा. ‘हो, उतरवल्यात’ असं कुणी सांगितलं म्हणून चालत नाही. उभी घंटा म्हणजे अर्धा टन, कुठे कुठे टनभरसुद्धा धातू, नुसत्या लाकडी दांडीच्या आधाराने तोललेला. कोपर लागलं तरी फिरेल आणि वाटेतलं काही ठेवणार नाही. खाली सगळे दोर वर गुंडाळून अडकवून टाका आणि पाटी लावा: ‘वर माणसं आहेत, दोराला हात लावू नये’. दोघांनी मिळून वर जायचं, एकट्याने कधीच नाही. गोल दगडी जिन्यावर हात मोकळे लागतात, त्यामुळे सामान पाठीवरच्या पिशवीत आणि दिवा कपाळावर. हातमोजे घ्या. तोंडावर मास्क घ्या, कारण कबुतरांनी वर्षभर काय केलंय ते तुम्हाला फुप्फुसात नको. कावळ्याच्या जातीतले जॅकडॉ झरोक्यातून काटक्या आणून टाकतात, त्याही आयत्या वेळी चाकात अडकतात. सापडल्या तर खाली आणा.

आता नाजूक काम. बॅकस्ट्रोकची बाजू कोणती, याची खूण बऱ्याच ठिकाणी आधीच्यांनी खडूने किंवा रंगाने केलेली असते. नसेल तर खात्री करून या वर्षी तुम्ही करा. मफल गोळ्यावर नीट मधोमध बसवून पट्टा आवळायचा, मग बोटांनी फिरवून बघायचा. जरासा जरी फिरला तर अजून एक भोक घट्ट. वरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्यायला लाजू नका. वाजवताना लोलक इतक्या वेळा आपटतो की सैल मफल हळूहळू सरकतो आणि मधेच ती घंटा दोन्हीकडून ठणाणायला लागते. खाली येताना पाने-पक्कड मोजून पिशवीत टाका.

खाली आल्यावर एकेक घंटा एकेकटी वर घेऊन ऐका. हँडस्ट्रोक मोठा, बॅकस्ट्रोक दबका. एखादी उलटी बांधली गेली असेल तर लगेच कळतं: मोठ्या फेरीत भोक आणि दबक्या फेरीत एकटीचाच ठणका. ती उतरवून पुन्हा वर जायचं. यात आळस करायचा नाही, रविवारी अख्खं गाव ऐकणार आहे.

यानंतर घड्याळ, आणि याच्याकडे सगळ्यात कमी लोकांचं लक्ष असतं. टॉवरच्या घड्याळाचे हातोडे याच घंटांवर बाहेरून ठोके देतात. घंटा फिरवायच्या आधी ते हातोडे तारेने मागे ओढून अडकवून ठेवावे लागतात, नाहीतर फिरणारी घंटा हातोड्यावर आदळते. मग हातोडा वाकतो किंवा, त्याहून वाईट, घंटेला तडा जातो. तडा गेलेल्या घंटेचा आवाज आपोआप परत येत नाही. तडा दुरुस्त करायचा तर घंटा वेल्डिंगवाल्या तज्ज्ञाकडे नाहीतर पुन्हा ओतायला द्यावी लागते. एरवी हातोडे अडकवले, वाजवून झालं, घंटा उतरवल्या, हातोडे सोडले, झालं. पण या रविवारी गोची अशी की गाव स्मारकापाशी अकराच्या ठोक्याची वाट बघत उभं असतं. त्या ठोक्यावर दोन मिनिटांची शांतता सुरू होते. वाजवणं पावणेअकराला संपवून घंटा उतरवायला लागलात तर आठ घंटांना वेळ लागतो, आणि हातोडे सोडायला कुणी विसरलं तर अकरा वाजतच नाहीत. उलट, प्रार्थनेनंतर पुन्हा वाजवायचं म्हणून घंटा उभ्याच ठेवल्या तर हातोडे सोडता येत नाहीत, आणि घड्याळ मुकं राहतं. दोन्हींपैकी काय करायचं ते बुधवारीच ठरवा आणि परेडची व्यवस्था बघणाऱ्यांना सांगा. घड्याळ वाजणार नसेल तर बिगुलवाला आपल्या घड्याळावर ‘लास्ट पोस्ट’ ही मृतांसाठीची धून सुरू करेल, त्याला काही अडचण नाही. अडचण होते ती त्याला कुणी सांगितलंच नाही तर.

दोरांकडेही एकदा बघा. ताग-अंबाडीसारख्या धाग्यांचे दोर दमट हवेत आखडतात आणि उन्हाळ्यात बरोबर असलेली शेपटाची लांबी नोव्हेंबरात बोटभर कमी भरते. खोलीतला हीटर आदल्या रात्रीपासून लावा. बुटक्या लोकांसाठी उभं राहायची लाकडी खोकी काढून ठेवा.

काय वाजवायचं, यावर दरवर्षी वाद होतो. माझं मत विचाराल तर साधे राउंड्स, म्हणजे हलक्या घंटेपासून जड घंटेपर्यंत ओळीने एक ते आठ, आणि थोडे कॉल चेंजेस, म्हणजे कॅप्टन सांगेल तसे क्रमातले बदल. एरवी आमचा खेळ क्रम बदलत नेण्याचा. आठ घंटांचे 40,320 वेगवेगळे क्रम होतात आणि 1963 साली लफबरोच्या घंटा-कारखान्यातल्या टॉवरमध्ये आठ जणांनी ते सगळेच्या सगळे न थांबता वाजवले, 17 तास 58 मिनिटं. तो पराक्रम वेगळा. मफलच्या दबक्या फेरीत कुणाचाही अडखळलेला ठोका उघडा पडतो, म्हणून या दिवशी अवघड काहीतरी मोडकंतोडकं वाजवण्यापेक्षा दहा मिनिटांचे स्वच्छ राउंड्स बरे.

सुरू करण्याआधी टॉवरच्या फळीवरची, युद्धात मेलेल्या घंटावाल्यांची नावं वाचायची. पहिल्या महायुद्धात जवळपास चौदाशे घंटावाले मेले आणि 2018 मध्ये तेवढेच नवे शिकाऊ मिळवायची मोहीम देशभर चालली होती. आमच्यातले दोघं तेव्हाचेच. दुसऱ्या महायुद्धात तर जून 1940 पासून घंटांवर बंदीच होती, शत्रू उतरला तरच वाजवायच्या. आपल्याकडची नावं इथल्या फळ्यांवर नसतात. पण पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या आणि साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात त्या युद्धाचं स्मारक आजही उभं आहे. नवीन जोडपं पुण्याचं आहे म्हणून एक जोड: पंचहौद म्हटलं की आपल्याला 1890 चा चहा आणि टिळक-रानड्यांचं ग्रामण्य आठवतं. पण त्याच होली नेम चर्चच्या मनोऱ्यात लफबरोच्या टेलर या घंटा-कारखानदारांनी ओतलेल्या आठ घंटा आहेत. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा मान वर करून बघा.

रविवारी सकाळी अंगावर लोंबणारं काही नको. ओढणी, मफलर, लांब माळ, सगळं खुंटीवर. केस बांधा, बुटांच्या नाड्या आत खोचा. पॉपीचं लाल फूल, म्हणजे या दिवसाची आठवणीची खूण, कोटाला लावा आणि कोट काढून ठेवा, स्वेटरवरच्या पॉपीची टाचणी दोरात अडकते. वाजवताना बोलायचं नाही. एरवी नारोशंकराची घंटा असलेले आमच्यातले काहीजणही तेवढा वेळ गप्प असतात. ट्रेबलवाला, म्हणजे सगळ्यात हलकी घंटा वाजवणारा, ‘लुक टू’ म्हणाला की दोर हातात घट्ट, ‘ट्रेबल्स गोइंग, शीज गॉन’ म्हणाला की सुरू. घंटेला तोलणारी दांडी कुणाची मोडलीच तर दोर ताबडतोब सोडून भिंतीकडे सरका. त्याला धरून ठेवायला जाऊ नका, तो माणसाला छताकडे उचलतो. बाकीच्यांनी आपापल्या घंटा उभ्या करून थांबायचं.

झाल्यावर चहा, आणि दिवाळी जवळ असेल तर चकल्या आणा. हे लोक चकलीवर तुटून पडतात. मग मफल काढायचे, पण अकरा नोव्हेंबर, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस, अजून पुढे असेल तर त्या दिवसापर्यंत राहू देतात. काढताना प्रत्येकावर घंटेचा नंबर घाला, ओले असतील तर हीटरपासून लांब वाळवा आणि पेटीत भरताना आठ मोजा. पुढच्या शनिवारी लग्न असेल तर ही मोजणी दोनदा करा, नवऱ्या मुलीला अर्ध्या आवाजाच्या घंटा नको असतात.