शॉटगन घेताना वजनकाट्यावर विसंबू नका: या चुका टाळा

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे पक्ष्यांची शिकार आपल्याकडे बंद आहे. पुण्यात हौसेने शॉटगन घेणाऱ्यापुढे उडते ती क्ले टार्गेटची चकती, ११० मिलिमीटर व्यासाची आणि जेमतेम १०५ ग्रॅमची. पण बंदुकीच्या वजनाचं शास्त्र मुळात शिकाऱ्यांचं आहे, आणि ते अर्धवट उचललं की फसगत होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हलकी ती चांगली, असं समजणं. परदेशात दिवसभर डोंगर तुडवणारा शिकारी तीन किलोच्या आतली बंदूक घेतो, कारण त्याला चालायचं जास्त आणि बार मोजकेच काढायचे असतात. रेंजवर एका फेरीलाच २५ चकत्या. बंदूक हलकी तितका खांद्याला धक्का जास्त. ग्रीनर या इंग्रज बंदूककाराचा जुना ठोकताळा असा, की बंदूक छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट हवी. २८ ग्रॅमला साधारण २.७ किलो. हे किमान समजा; ट्रॅपवाले (या प्रकारात चकती नेमबाजापासून दूर उडत जाते) साडेतीन किलोच्या पुढचीच बाळगतात.

दुसरी चूक, नुसता आकडा वाचणं. विसर्जन मिरवणुकीत ध्वज नाचवणाऱ्याला विचारा: काठी तीच, पण पकड इंचभर सरकली की ती जड होते. दुनळी बंदूक (अर्थात उघडून रिकामी असल्याची खात्री करून, मग मिटूनच) बिजागरीच्या खिळीखाली बोटावर तोलून पाहा. तिथे किंवा किंचित पुढे तोल सापडला तर ठीक.

बोटावरचा हा तोलही कधी कधी फसवतो. कावडीच्या घागरी टोकांना बांधा किंवा खांद्याजवळ, तोल मधोमधच राहतो. पण टोकांना बांधलेली कावड वळवून पाहा! म्हणून नळीच्या तोंडाकडे जड बंदुकीच्या दस्त्यात (खांद्याला टेकणाऱ्या भागात) शिसं भरणं हा उपाय मला पटत नाही. तोल जुळतो, बंदूक मात्र सुस्त होते. त्यापेक्षा आखूड नळी बघा.

नेम सतत मागे पडतो? नळी बहुधा पुढे हलकी आहे. झटकन फिरते आणि बार काढताना तशीच थबकते. चकतीच्या पुढे निघून जाते? मग तोंड जड असेल. स्कीटमध्ये (इथे चकत्या दोन बाजूंनी आडव्या येतात) बंदूक कमरेपासून खांद्याला आणायची असल्याने चपळ हवी, ट्रॅपला संथ आणि स्थिर चालते.

दुकानात दहा सेकंद हातात धरून ठरवू नका. डोळे मिटून वीसेक वेळा खांद्याला लावा, शेवटच्या पाचांत हात थरथरतो का ते बघा. (घरी हा सराव करताना पडदे ओढून घ्या. समोरच्या सोसायटीतल्या काकू थेट ११२ फिरवतील.)

आणि वजनाला हात लावण्याआधी दस्त्याची लांबी तपासा. लांब दस्ता बंदूक अंगापासून दूर ढकलतो, आणि तोल चोख असूनही ती पुढे जड वाटत राहते.