बेणं बुडवताना औषध तळाला बसतंय? गाळ दिसला म्हणजे माल खोटा असं नाही, ढवळणं कमी पडतंय

उसाच्या आडसाली, म्हणजे पावसाळ्यातल्या, लागणीचे दिवस आलेत, निपाणी, चिकोडी, संकेश्वर सगळीकडं आता बेणं तोडायची गडबड. बेणेप्रक्रियेला आपण 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची 50 टक्केवाली पावडर (म्हणजे निम्मं औषध) टाकतो, टिपऱ्या (उसाचे लागणीचे तुकडे) 10-15 मिनिटं बुडवतो, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच की बॅरलच्या तळाला गाळ बसतोय, दुकानदारानं डुप्लिकेट दिलं काय?

नुसत्या गाळावरनं तसं म्हणता येत नाही. हिशोब बघा, त्या पाण्यात लिटरमागं 500 मिलिग्रॅम औषध पडतं आणि साध्या पाण्यात विरघळतं फक्त 8 मिलिग्रॅमच्या आसपास. बाकीचं सगळं बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं.

कुणी म्हणेल, पोलर (रेणूत धन-ऋण टोकं असलेले) पदार्थ तर पाण्यात विरघळतात. आता साखर पण ऑर्गॅनिक (कार्बनची बनलेली), पोलर, ती लिटरभर पाण्यात जवळजवळ 2 किलो विरघळते. कार्बेन्डाझिमपण पोलरच आहे, पण नुसतं पोलर असून भागत नाही. साखरेच्या रेणूला पाणी धरून ठेवील असे ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट चिक्कार, 12 कार्बनला 8. कार्बेन्डाझिममध्ये सपाट कार्बनच्या कड्या आहेत, त्यांना जागा करून द्यायला पाण्याला आपसातले बंध तोडायला लागतात आणि बदल्यात फारसं काही मिळत नाही, वर त्याचे रेणू स्फटिकात एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेत की 300 डिग्रीपर्यंत तापवलं तरी वितळत नाही.

म्हणून पावडर थेट बॅरलात ओतू नका. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग बॅरलात घाला, आणि प्रत्येक खेप बुडवायच्या आधी काठीनं तळापासून ढवळा. हे खरंच महत्त्वाचं आहे, नाहीतर वरच्या टिपऱ्यांना नुसतं पाणी आणि तळाच्यांना सगळं औषध. विरघळावं म्हणून चुना, सोडा घालू नका, अल्कलीत हे औषध हळूहळू नासतं.

टू-फोर-डी तणनाशकाचं वेगळं. त्याचं मूळ ॲसिड पाण्यात कमीच विरघळतं, म्हणून सोडियम किंवा अमाईन सॉल्ट करून विकतात, ते छान विरघळतं. पण बोअरचं पाणी जड असलं तर कॅल्शियमबरोबर साका धरतो, नोझल तुंबतं, तिथं पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

हातमोजे घाला, आणि उरलेलं औषधाचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ अजिबात ओतू नका.