पावसाळ्यात पेट्रोलचा कॉम्प्रेसर: यंत्र बाहेर, नळी आत

पावसाची झड लागली की पेट्रोलवरच्या कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणाऱ्या यंत्राचं, दोन बाजूंनी बिनसतं. भिजू नये म्हणून आपण तो शेडमध्ये ओढून घेतो, ही झाली एक बाजू. दुसरी म्हणजे हवेच्या टाकीत रोज पाणी साचायला लागतं. पहिली गोष्ट आपण मुद्दाम करतो आणि दुसरी नकळत होते, पण जिवावर बेतणाऱ्या दोन्ही.

आधी शेडचं बघू. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. नाकाला जाणवतो तो धुरातल्या बाकीच्या घटकांचा वास. त्यामुळे 'वास काही फार येत नाही, दारही अर्धं उघडं आहे' या भरवशावर राहू नका. इंजिन बाहेरच, दारं-खिडक्यांपासून लांब ठेवा, सायलेन्सरचं तोंड मोकळ्या बाजूला करा आणि वर चारही बाजूंनी उघडं छप्पर असू द्या. आत न्यायची ती लांब नळी. काम करताना डोकं जड झालं, मळमळलं किंवा गरगरलं तर हातातलं टाकून आधी बाहेर पडा.

ही नळी दाबाच्या हवेसाठीचीच हवी. उरलासुरला पीव्हीसी पाइप जोडण्याचा मोह होतो, तो टाळा. पाण्याचा पाइप फुटला तर पाणी उडतं, पण हवेचा फुटला तर पाइपचे तुकडे उडतात.

आता टाकी. 30 अंश तापमानाच्या दमट हवेत दर घनमीटरला साधारण 25 ते 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा 8 बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) दाबली आणि टाकीत निवली की त्यातलं बहुतेक पाणी तळाला उतरतं. मिनिटाला 200 लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर अशा दिवसांत तासभर चालला तर पाव लिटरच्या आसपास पाणी जमतं. माझ्या टाकीचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तळाची तोटी, एका पावसाळ्यात उघडायचाच राहिला. शेवटी पान्याने तो सोडवला तेव्हा आधी नुसती फुसफुस झाली, मग कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी बराच वेळ येत राहिलं, आणि त्यात गंजाच्या खपल्या होत्या. म्हणजे तेवढं लोखंड टाकीच्या तळातून गेलं होतं, आणि बाहेरून रंग मात्र नव्यासारखा!

रोज काम संपलं की इंजिन बंद करा, दाब 1-2 बारवर येऊ द्या, डोळ्यांना चष्मा लावा आणि कॉक हळूहळू उघडा. पाणी संपून कोरडी हवा आली तरी रात्रभर तो उघडाच ठेवा. सकाळी इंजिन सुरू झाल्यावर बंद केला तरी चालतो, उलट दाब नसल्यामुळे इंजिन सुरू करायची दोरी हलकी जाते. पाण्यात तेलही बरंच येत असेल तर हवा दाबणाऱ्या पंपाच्या पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या असाव्यात.

8 बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 8 किलो. 10 बाय 10 सेंटिमीटरच्या, तळहाताएवढ्या जागेवर 800 किलोंचा जोर. अशा टाकीला तळाशी पाझर, खड्डा किंवा फुगवटा दिसला तर वेल्डिंग करून घेऊ नका, टाकीच बदला. दाब फार वाढला की आपोआप हवा सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी टाकीत दाब असताना अधूनमधून ओढून बघा. हवा जोरात सुटली पाहिजे आणि कडी सोडताच थांबली पाहिजे. 'सारखा सुटतो' म्हणून तो आवळणाऱ्यांना मी तरी हात जोडतो.

यंत्रात दोन तेलं असतात, त्यांची अदलाबदल करू नका. पंपाला कॉम्प्रेसरचंच तेल लागतं. पंपावरच्या तेल दाखवणाऱ्या काचेतून ते दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, लगेच बदला. इंजिनाचं तेल बहुतेक लहान इंजिनांत नवेपणी 20 तासांनी आणि पुढे दर 100 तासांनी किंवा 6 महिन्यांनी बदलतात. आपल्या यंत्राचं पुस्तक काय म्हणतं ते पाहा. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, पंधरा मिनिटं निवल्यावर. महिनाभर काम नसेल तर पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये चिकटा धरत नाही.

वापरताना नळीतला दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरकडे लक्ष असू द्या. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला बहुधा 1 ते 1.5 बार पुरतो, टाकीत 8 असतो. हवा भरताना टायरसमोर नको, बाजूला उभे राहा. साफसफाईला 2 बार खूप झाला. रेडिएटर पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला फुंका, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने जातो. अंगावरची धूळ मात्र या हवेने कधीच झटकू नका, जखमेतून हवा रक्तात शिरू शकते. धुतलेलं बेअरिंग हवेने गरगर फिरवायची खोडही वाईट, ते फुटून उडतं.

इंजिन आणि पंप जोडणारा पट्टा ताणायला बसण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. गरम इंजिनाची पुली हाताने फिरवली तरी ते एखादा ठोका घेऊ शकतं, आणि त्या वेळी बोटं पट्ट्यातच असतात.