मोफत मालिशचं शिबिर भरवताय? या चुका टाळा

आमच्या पहिल्या शिबिराचा फलक आम्हीच रंगवला होता: ‘मोफत बॉडी मसाज’. गणपतीचे दिवस, परळची एक चाळ, मंडपाशेजारी दोन खुर्च्या. तासभर कुणी फिरकलं नाही. चार पोरं लांबून खिदळत होती. शेवटी मंडळाचे एक काका जवळ येऊन म्हणाले, “अरे, तो मसाज शब्द पुसून टाक आधी. इथे आयाबाया येतात.” स्पांवर पडणाऱ्या धाडींच्या बातम्यांनी मुंबईत या शब्दाची काय दशा केली आहे, ते काकांना ठाऊक होतं. रोज हेच काम करणाऱ्या आम्हाला नव्हतं. मग खडूने लिहिलं, ‘मान-खांदे दुखतात? दहा मिनिटं बसा’, आणि रांग लागली.

शब्दासारखीच आडोशाची चूक. पडदा लावला की लोकांना मोकळं वाटेल असा आपला समज असतो, पण पडद्याने शंकाच वाढते. खुर्ची सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, मालिश कपड्यांवरूनच करा, आणि बायकांसाठी बाई थेरपिस्ट हवीच. तेल घरी ठेवून या. ज्याला इथून उठून ऑफिसच्या शर्टात लोकल पकडायची आहे, तो तेलाची बाटली पाहूनच सटकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र न विचारण्याची. रांग लांब, लोक घाईत, आपल्याला हुरूप. माणूस बसला की हात सुरू. पावसाळ्यात कुणी पोटऱ्या धरत आला तर आधी दोनच गोष्टी विचारा: ताप आहे का? आठवडा-दोन आठवड्यांत तुंबलेल्या पाण्यातून चालला होतात का? उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू पायाच्या बारीकशा जखमेतूनही शिरतात, आणि ताप, डोकेदुखीबरोबर पोटऱ्या ठणकणं हे त्याचं ओळखीचं लक्षण. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने ती साथ पाहिली आहे. अशा माणसाला आपल्या खुर्चीवर नव्हे, त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात पाठवायचं.

एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर असेल आणि माणूस नुकताच ऑपरेशन, प्लॅस्टर किंवा लांबच्या प्रवासातून आला असेल, तर हातही लावू नका, सरळ हॉस्पिटलला धाडा. शिरेत गुठळी असली तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारा. आणि एखाद्या मधुमेही आजोबांनी “जोरात दाब रे, मला काही लागत नाही” म्हटलं की सावध व्हा. मधुमेहाने जाणीव बोथट झाली की त्यांना लागत नाही, हीच तर अडचण आहे.

परत पाठवलेला माणूस रुसेल, धंदा बुडेल, अशी भीती नव्या मुलांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. ‘हे मी करणार नाही, आधी डॉक्टरला दाखवा’ हे वाक्य चाळीत फलकापेक्षा लवकर पसरतं.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आली की आपल्यातलेच काही जण थकलेल्या पळणाऱ्यांना सांगतात, “लॅक्टिक ॲसिड काढून टाकतो.” पळताना स्नायूंत तयार होणारं हे ॲसिड शरीर स्वतःच तासाभरात निपटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय जे धरतात ते वेगळ्या कारणाने, स्नायूंना झालेल्या बारीक इजांमुळे. ४२ किलोमीटर पळून आलेल्या मांडीत कोपर खुपसू नका. हलक्या हाताने दहा मिनिटं पुरे. दुखणं थोडं कमी वाटेल, आराम पडेल, एवढंच सांगा. बोलताना अडखळणारा, भोवळ आलेला धावपटू मात्र सरळ वैद्यकीय तंबूत न्या.

मोठ्या बाता पत्रकावर छापल्यात तर भानगड कायद्याचीही आहे. मधुमेह, लकवा, रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यात बसत नाही. आणि स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेऊ नका. त्यांचं शिक्षण वेगळं, नोंदणी वेगळी.

रांगेवरून भांडणं होतात? टोकन द्या. दहा मिनिटं मालिश, पाच मिनिटं विचारपूस आणि हात-खुर्ची पुसणं, म्हणजे तासाला चार माणसं. चार थेरपिस्ट, तीन तास, ४८ टोकन. एकोणपन्नासाव्याला हात जोडून नाही म्हणा. मी एकदा म्हटलं नव्हतं, नंतर पंधरा दिवस अंगठ्याने चावी फिरत नव्हती.

राहिली पैशांची गोष्ट. उठता उठता कुणीतरी विचारतंच, “घरी आलात तर किती घेता?” आणि आपण लाजून म्हणतो, “द्या तुम्हाला काय द्यायचं ते.” झालं, तीन तास घाम गाळून हा व्यवसाय आहे असं दाखवलं ते पाण्यात. गिरगाव चौपाटीवर बाटल्या खुळखुळवत फिरणारा मालिशवाला डोक्याला हात लावायच्या आधी भाव सांगतो. आम्ही आता टोकनच्या मागेच छापतो: घरी येऊन एक तास, इतके रुपये, तेल आमचं, चादर तुमची.