आरोग्य उपकेंद्रात रुजू होताय? मग हे आधी वाचा

बीएएमएस झालं, समुदाय आरोग्याचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि सीएचओची (समुदाय आरोग्य अधिकारी) ऑर्डर हातात पडली. डोळ्यांपुढे होती ती ओपीडी: टेबल, स्टेथो, बाहेर रांग. प्रत्यक्षात या नोकरीचा मोठा हिस्सा म्हणजे ज्यांना काहीच होत नाही असं वाटतं, त्यांच्या मागे फिरणं. ती माणसं आपणहून दवाखान्यात कशाला येतील?

सपाटीवर एका उपकेंद्राकडे साधारण 5000 लोकसंख्या, डोंगरी-आदिवासी भागात 3000. त्यातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर दरवर्षी बघायची. मी पहिलं शिबिर ठेवलं सकाळी अकराला, ऐन सोयाबीन काढणीत. सात म्हातारी माणसं आली, त्यातली तीन चहाला. आशाताई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, बाया रानात हायेत. दिवेलागणीला चला, मी नेते." गेलो. ओट्यावर बसून तासाभरात सव्वीस बीपी झाले. तेव्हापासून शिबिराची वेळ मी आशाताईंनाच विचारते.

सीबॅक फॉर्म, म्हणजे तिशीपुढच्यांच्या सवयी आणि आजारांच्या लक्षणांची प्रश्नावली, भरताना तो वाचून दाखवू नका. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की बाई मान हलवून नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. "मिश्री किती वेळा लावता?" असं विचारा, लगेच उत्तर येतं, "सकाळी, दुपारी, आणि झोपताना थोडी." तिच्या लेखी तो तंबाखू नाहीच, दात घासणं आहे. मग टॉर्च लावून गालाच्या आतली बाजू नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, किंवा उभी तीन बोटं मावतील एवढंही तोंड न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर पुढे पाठवा. नुसती चिठ्ठी दिली तर ती डब्यात पडून राहते. दवाखान्याचा वार, एसटीची वेळ आणि सोबत कोण जाणार, हे तिथेच ठरवून उठा.

बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. महिन्याची पाकिटं संपली की बीपीही संपला, असा लोकांचा हिशोब असतो. "बरं वाटतंय" म्हणणाऱ्याचं बीपी तिथल्या तिथे मोजून त्याला आकडा दाखवला, की पुढचं बोलणं सोपं जातं.

कोरड्या दिवसाचं, म्हणजे डास होऊ नयेत म्हणून पाण्याची भांडी रिकामी करण्याच्या दिवसाचं, मात्र मला उशिरा उमगलं. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी ओतून दिलं तरी महिनोन्‌महिने तग धरतात. त्यामुळे रांजण रिकामा करून भागत नाही, आतून घासावा लागतो. पण चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात "पाणी ओतून द्या" म्हणायला गेले आणि एका आजीने असं झापलं की विचारू नका. तिचं बरोबरच होतं. आता आमच्या गावात कोरडा दिवस नळ येण्याच्या आदल्या दिवशी असतो. उरलंसुरलं पाणी फडक्यातून गाळून कळशीत काढायचं, रांजण घासून उन्हात पालथा घालायचा.

नोंदींचा जाच आहेच. रजिस्टर वेगळं, ॲप वेगळं, आणि नेट फक्त देवळाच्या पायरीवर. मी भेटीतच वहीत लिहून घेते आणि संध्याकाळी पायरीवर बसून भरते. परवा त्याच आजी पायरीवर येऊन बसल्या आणि दंड पुढे करून म्हणाल्या, "बघ गं, आज किती भरतंय."