दक्षिण गोलार्धात पॅगन वर्ष पाळताय? या चुका टाळा

पॅगन म्हणजे निसर्ग आणि ऋतू पूजणारा पंथ, त्याचे वर्षात आठ सण. मेलबर्नला आल्यावर त्यातलं माझं पहिलं साविन मी ३१ ऑक्टोबरला केलं. (Samhain हे स्पेलिंग बघून ‘सॅमहेन’ म्हणू नका, ही पण एक चूकच.) टेबलावर काळं कापड, आजीचा फोटो, सुपरमार्केटातून भलत्या भावाने आणलेला नारिंगी भोपळा. सण पानगळीचा, पितरांचा. आणि बाहेर? साडेसात वाजले तरी ऊन हटत नव्हतं, कुंपणावर जाई फुललेली, सकाळीच घरटं राखणाऱ्या मॅगपायने माझ्या डोक्यावर झडप घातलेली. अख्खं शहर वसंतात आणि मी पडदे ओढून पानगळ साजरी करतेय!

पुस्तकं ब्रिटनमध्ये लिहिलेली, आपण राहतो दुसऱ्या टोकाला. बहुतेक घोळ इथेच होतो. आठही सण सहा महिन्यांनी सरकवा. इथे साविन ३० एप्रिलच्या सुमारास, यूल (सगळ्यात मोठ्या रात्रीचा सण) २१ जूनच्या आसपास, बेल्टेन (उन्हाळ्याच्या स्वागताचा) ऑक्टोबरअखेर. ‘पण परंपरा मोडते ना?’ असं कुणी म्हटलं तर एवढंच सांगा, की हे आठ सणांचं चक्र या रूपात १९५०-६० च्या दशकांत ब्रिटनमध्ये जुळवलं गेलं. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला, त्यानंतर १९५४ साली जेराल्ड गार्डनरने विक्का या आधुनिक पॅगन पंथावर उघडपणे पुस्तक काढलं. शरद संपाताला, म्हणजे पानगळीत दिवस-रात्र सारखे असतात त्या सणाला, ‘मेबन’ हे नाव तर एडन केली या अमेरिकन माणसाने १९७४ साली दिलं. सण जुने आहेत, चक्र माझ्या आईपेक्षा फार मोठं नाही.

चंद्र उलटा दिसतो

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं असतं: उजवी बाजू उजळ, म्हणजे वाढता चंद्र. इथे वाढत्या चंद्राची डावी बाजू उजळते. पहाटे कामाला निघताना उजवीकडून उजळलेली कोर दिसायची आणि मी खूश होऊन नवे संकल्प सोडायचे. दोन महिने सगळे संकल्प कृष्ण पक्षात! सोपी खूण: सूर्यास्तानंतर पश्चिमेला कोर दिसली तर वाढती, पहाटे पूर्वेला दिसली तर घटती. ही खूण सांगलीतही चालते आणि मेलबर्नमध्येही. भिंतीवर भारतातलं कालनिर्णय असेल तर पौर्णिमेच्या वेळेत साडेचार तास मिळवा, इथलं उन्हाळी घड्याळ चालू असेल तर साडेपाच. कधीकधी तारीखच बदलते.

वर्तुळ कुठून कुठे?

विधीआधी वर्तुळ आखताना ‘सूर्याच्या दिशेने’ फिरा असं सांगतात. ब्रिटनमध्ये ती घड्याळाची दिशा. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणजे पूर्व, उत्तर, पश्चिम असा प्रवास: घड्याळाच्या उलट. त्याच कारणाने इथले बरेच जण चार दिशांच्या चार तत्त्वांपैकी अग्नी उत्तरेला मांडतात आणि पृथ्वी दक्षिणेला. आपली पंचाईत अशी, की देवळातल्या प्रदक्षिणेने पायांना वळण लागलेलं असतं. मी महिनाभर अडखळत होते. तुम्हाला घड्याळाच्याच दिशेने बरं वाटत असेल तर तसं करा, फक्त दर वेळी बदलू नका.

धूर आणि आग

धुरीसाठी व्हाइट सेजच्या जुड्या विकत घेऊ नका. ही वनस्पती दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहामधली, तिथल्या आदिवासी समाजांना पवित्र, आणि जंगलातून चोरून ओरबाडली जाते. अंगणातली रोझमेरी पुरते. इथले मूळ निवासी पानांच्या धुराचा जो विधी करतात त्याची नक्कल तर अजिबात नको. तो त्यांचा आहे. आणि फ्लॅटमध्ये धूर करायचाच तर खिडकी आधी उघडा. एकदा इमारतीचा अलार्म वाजला, पायजम्यातले शेजारी खाली जमले, बंबाची गाडी आली. मी हातातली वाटी पाठीमागे लपवून उभी!

डिसेंबरात लिथाची (सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सणाची) शेकोटी पेटवायच्या आधी ‘टोटल फायर बॅन’ लागलाय का ते बघा. त्या दिवशी उघड्यावर आग लावणं गुन्हा आहे आणि इथल्या वणव्यांनी गावं खाल्ली आहेत. दिवस सूर्याचाच आहे, उन्हात बसा.

चंद्रजल पिताना

पाणी चांदण्यात ठेवा, पण त्यात दगड टाकू नका. सेलेनाइट म्हणजे जिप्सम, ते हळूहळू विरघळतं. मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, ते पोटात जायला नको. दगड भांड्याबाहेर ठेवा, पाणी स्टीलच्या तांब्यात झाकून. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल डिफ्यूझरमध्ये घालू नका, मांजरांना ते विषारी आहे. संरक्षणासाठी अंगणात मीठही टाकू नका. माझी पुदिन्याची कुंडी त्यातच गेली.

‘मंत्र चालत नाही’

नोकरीसाठी मेणबत्ती लावली, अर्ज किती पाठवले? हा प्रश्न मी आधी विचारते. आजाराला डॉक्टरच. आणि पैसे घेऊन ‘गेलेलं प्रेम परत आणून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

शब्द जपून वापरा. इथे कुणी हसत स्वतःला ‘विच’ म्हणवतं, पण ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मी चेटकीण’ असं टाकू नका. आपल्याकडे या शब्दावरून बायकांना मारलं गेलंय. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. माझ्या आईने हे ऐकलं तेव्हा फोनवर मोठी शांतता पसरली होती.

मग मी तिला ऋतूंबद्दल सांगितलं. जूनमध्ये वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, त्यानंतर दिवस वाढायला लागतो, म्हणून दिवे लावतो. ती म्हणाली, “म्हणजे संक्रांतच की. आणि तू जानेवारीत चाळीस डिग्रीत तिळगूळ खातेस? जूनमध्ये कर. गूळ पण नीट वळला जाईल.”

यंदा २१ जूनला लाडू केले. वळताना दोनदा हात भाजला.