चुलीपेक्षा लांब सरपण: रोहिणीआधी उरकायचे काम

कोकणात आणि घाटमाथ्यावर मे महिन्यात अंगणाअंगणात लाकूडफाटा येऊन पडतो. काजूची छाटणी, बांधावरचा अकेशिया, वाऱ्याने मोडलेली आंब्याची फांदी, मिळेल ते कुऱ्हाडीने तोडून आणलेले असते. लांबी बहुधा दोन ते तीन हात. गाडीत भरायला, मोळी बांधायला ती सोयीची, पण चुलीला जड जाते. लांबी ठरवतो तोडणारा, आणि ते लाकूड पावसाळाभर जाळते घरातली बाई. जुलैत पडवीत बसून ओल्या फाट्यांवर कोयता चालवण्याची पाळी तिच्यावर येऊ नये. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते, त्याआधी हे काम उरकून घ्या.

लांब लाकूड निम्मे चुलीबाहेर राहते. आतले टोक जळून हलके झाले की बाहेरचा भार जास्त होतो आणि पेटते कोलीत जमिनीवर घरंगळते. जवळच रांगते मूल किंवा वाळत घातलेली चिपाडे असली तर काय होईल ते सांगायला नको. लाकूड ओलसर असेल तर बाहेरच्या टोकातून फेस येतो आणि धूर घरात कोंडतो. धुराड्याच्या बंद चुलीचे तर दारच लागत नाही, वाजवीपेक्षा जास्त हवा आत शिरते आणि आच धुराड्यातून निघून जाते. रॉकेट चूल (उभ्या नळीसारखी, कमी लाकडावर जळणारी छोटी चूल) हलकी असते. लांब दांडक्याच्या वजनाने ती कलंडून वरचे उकळते पाणी अंगावर येऊ शकते. अशा चुलीत बाहेरच्या टोकाखाली विटेचा टेकू हवाच.

आधी माप घ्या. चूल थंड असताना तोंडातून मागच्या भिंतीपर्यंत काठी घाला, खूण करा आणि त्यापेक्षा चार बोटे कमी धरा. मातीच्या उघड्या चुलीत लाकूड पुढे सारत जाळतात, तिथे हातभर, म्हणजे दीड फुटापर्यंत चालते. बंबाला वीतभर ढलप्याच हव्यात. मापाची काठी तोडणाऱ्याच्या हातात द्या, तोंडी सांगून भागत नाही. दोन फुटांचे लाकूड चार बोटे वजा करून चौदा इंच माप आलेल्या चुलीसाठी तोडायचे असेल तर बरोबर मध्ये कापा. चौदा आणि दहा असे तुकडे केले तर रास नीट बसत नाही.

तोडणी ओल्यातच सोपी. अकेशिया किंवा बाभूळ पुरती वाळली की कोयता उसळतो, आणि उसळलेला कोयता नडगीवर येतो. वाळलेल्या लाकडाला करवतच लावा. चार दांडे दोन-दोन करून फुलीसारखे बांधले की घोडी तयार होते. तिच्यावर मनगटाएवढ्या पाच-सहा फाट्या दोरीने आवळून एकदम कापता येतात. लाकूड पायाने दाबून त्यावर घाव घालू नका. जाड ओंडके आधी आखूड कापा, मग फोडा. लांब ओंडक्यात पाचर मध्येच अडकते. गाठीवर घाव वाया घालवू नका, गाठाळ तुकडा बाजूला ठेवा. वैलावर (चुलीच्या बाजूच्या जोडतोंडावर) काही नसताना, सावकाश पाणी तापवायला तो उत्तम.

आखूड आणि फोडलेले लाकूड लवकर वाळते, कारण ओल मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडीतून बाहेर पडते. ताज्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असते, चांगले जळायला ते २० टक्क्यांच्या खाली यावे लागते. जाड ओल्या लाकडाला एवढ्या दिवसांत ते साधत नाही, मनगटाएवढ्या फोडींना मेचे कडक ऊन पुष्कळ साथ देते. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखण वाजले तर वाळले, भद्द आवाज आला तर अजून ऊन द्या. टोकांना मध्यापासून तडे गेलेले दिसले की समजा जमले.

सगळेच लांब लाकूड कापायची गरज नाही. सरळ, जाड असे चार-पाच ओंडके राशीखाली आडवे टाका, म्हणजे जमिनीची ओल सहज वर चढत नाही. लग्नाकार्यात चर खणून स्वयंपाक होतो, तिथे लांब लाकूडच लागते, ते वेगळे रचून ठेवा. बिब्ब्याचे लाकूड मात्र कोणत्याही मापाचे असले तरी जाळू नका, त्याच्या धुराने अंग उतते.

रास भिंतीपासून वीतभर सुटी आणि पागोळ्यांपासून आत रचा. प्लास्टिक फक्त वरून घाला. चारी बाजूंनी गुंडाळले तर आत बुरशी धरते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा राशीत फुरसे आणि विंचू हमखास आसरा घेतात. लाकूड काढण्यापूर्वी काठीने रास ठोका, अंधारात बॅटरी घ्या आणि उघडा हात फटीत घालू नका.